कोंबड्या एकमेकींची पिसे का उपटतात?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांच्या सभांतून बोललेला माणूस वसंत व्याख्यानमालेत कोंबड्यांवर काय बोलणार, असे कोणी मनात म्हटले असेल तर त्याला मी दोष देणार नाही. संयोजकांनी मला प्रथम कामगार चळवळीवरच बोलावयास सांगितले होते. मी त्यांना म्हणालो की त्या विषयावर माझे बोलणे या गावाने पुष्कळ ऐकले आहे. त्यापेक्षा ज्या गोष्टीत मी चुकलो, आणि चूक उमगल्यावर जे थोडेफार शिकलो, ते सांगू द्या. परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. उन्हाळा लागला की त्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, पाठी उघड्या पडतात, एखादी रक्तबंबाळ होऊन मरते. असे का होते आणि ते कसे थांबवावे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

मी पशुवैद्य नव्हे हे आरंभीच सांगतो. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि इचलकरंजीत मागाच्या एका शेडमध्ये मी कांड्या भरावयास लागलो. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतरच्या वेळात झाले. तेव्हा मी सांगेन ते वाचलेले, विचारलेले आणि परसात करून पाहिलेले असेल, इतकाच त्याचा अधिकार.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि माग थांबले. त्या रिकाम्या दिवसांत आमच्या सौभाग्यवतींनी आठ तलंगा आणल्या. वर्षभर त्या मोकळ्या परसात फिरल्या. शेजारचा उकिरडा उकरावा, पेरूच्या झाडाखाली मातीत लोळावे आणि सांजेला आपणहून खुराड्यात शिरावे, असा त्यांचा क्रम होता. तक्रारीला जागा नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात भटक्या कुत्र्यांचा उपद्रव वाढला, म्हणून मी स्वतः जाळी आणून सहा फूट लांब व चार फूट रुंद असा एक पिंजरा बांधला. खाली गुळगुळीत फरशी घातली. झाडावयास सोपी पडते म्हणून. उंदीर येऊ नयेत म्हणून रात्री अकरापर्यंत जळणारा प्रखर दिवा लावला. सकाळ-संध्याकाळ पत्र्याच्या पन्हळीत मका आणि उरलेला भात घालावयाचा, की काम झाले. बांधकामाचा मला फार अभिमान वाटला होता.

तीन आठवड्यांत शेपटीच्या बुडाची पिसे नाहीशी होऊ लागली. लक्ष ठेवले तेव्हा दिसले की काळी कोंबडी तांबडीच्या मागे उभी राहून तिचे पीस उपटते, आणि उपटलेले पीस टाकून न देता गिळते. मी तिला हुसकले; पाठ वळताच पुन्हा तेच. एके दुपारी गेटसभा आटोपून घरी आलो तो तांबडी मरून पडली होती. मागची बाजू फाटली होती. मला संताप आला. त्याच संध्याकाळी मी काळीला खाटकाकडे देऊन टाकले आणि आता घरात शांतता नांदेल अशी माझी खात्री झाली. पाचव्या दिवशी राखी कोंबडीने तेच काम हाती घेतले.

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. खात्यात कुरबुर झाली की एका माणसाला धरून कामावरून काढू नका. खाते बघा, उजेड बघा, हवा बघा, पगाराचा हिशेब बघा, हे मालकांना सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. आणि स्वतःच्या परसात मी मालक झालो तेव्हा अगदी तेच केले.

आमच्या पेठेतील एका कांडीवाल्या बाईंची मुलगी तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. सुटीत आली असता मी तिला पिंजरा दाखविला. ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, “काका, काळीनं सुरुवात केली असेल, पण ती नसती तर दुसरीनं केली असती. यांना दिवसभर करायला काय ठेवलंय तुम्ही?” पुढे तिने मला काही शास्त्रीय लेख आणून दिले, अडेल तेथे अर्थ सांगितला, आणि माझा खरा अभ्यास तेथून सुरू झाला.

पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती अशी की कोंबड्यांचे टोचणे दोन जातींचे असते, आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक टोचणे मानपानाचे. कोणी आधी खावे, कोणी वरच्या दांडीवर बसावे, याची कळपात एक उतरंड असते. नॉर्वेचा थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांच्या टोचण्याची टिपणे ठेवीत असे. त्याने ही उतरंड १९२२ साली शास्त्रीय जगापुढे मांडली. हा घाव समोरून येतो, डोक्यावर वा तुऱ्यावर बसतो आणि क्षणात आटोपतो. धाकटी बाजूला सरते व तंटा मिटतो. नवी कोंबडी कळपात आली की चार दिवस हे चालते. त्याची फार काळजी करू नये.

दुसरे टोचणे पिसांचे. ते मागून येते, मुकाट्याने येते. पाठ, शेपटीचे बूड, पोट, गुदद्वाराची कड या जागी ते चालते. त्यात राग दिसत नाही. दाणा टिपावा तितक्या शांतपणे एक कोंबडी दुसरीचे पीस ओढते. आरंभी नुसती टोके चाळविली जातात, पुढे पीस मुळातून निघते, कातडी उघडी पडते, रक्त दिसते. रक्ताच्या लाल रंगाकडे बाकीच्याही धावतात, आणि मग प्रकरण मांस खाण्यापर्यंत जाते. याला भांडण समजून भांडखोराला शिक्षा करणे व्यर्थ आहे, कारण येथे भांडण मुळातच नसते.

मग काय असते? हॉलंडमधील हॅरी ब्लोखाउस यांनी १९८६ साली याचे उत्तर मांडले, आणि नंतरच्या पुष्कळ प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. पिसे टोचणे ही जमीन टोचण्याचीच क्रिया असते. जमीन नाही म्हणून ती शेजारणीच्या अंगावर वळते. कोंबडीची जात मूळची रानातली. उकरावे, पाहावे, टोचावे, पुन्हा उकरावे, यातच तिचा दिवस जावयाचा. मॅरियन डॉकिन्स या इंग्रज विदुषींनी १९८९ साली प्राणिसंग्रहालयातील तांबड्या रानकोंबड्यांच्या दिवसाचा हिशेब प्रसिद्ध केला. या कोंबड्यांना रोज आयते खाद्य मिळत होते. तरीही पाहिलेल्या मिनिटांपैकी सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमीन टोचीत होत्या. तात्पर्य, पोट भरले म्हणजे कोंबडीची चोच थांबते हा आपला भ्रम आहे. माझ्या पिंजऱ्यात पन्हळीतला मका थोड्याच वेळात संपे, आणि उरलेला सबंध दिवस समोर काय, तर गुळगुळीत फरशी आणि शेजारणीची पाठ! टाळेबंदीत हाताला काम नसलेली माणसे चाळीच्या जिन्यावर कशी एकमेकांवर उठत होती हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी हे मला सुचू नये याचे आजही वाईट वाटते.

तेव्हा पहिला उपाय चोचीला काम देणे हा होय. जमिनीवर चार ते सहा बोटे जाडीचा कोरडा थर घालावा. भाताचे तूस, गव्हाचा पेंढा, उसाचे वाळलेले पाचट, यांपैकी जे मिळेल ते चालते. मात्र बुरशी लागलेले नको. फार बारीक चुरा करू नये. स्वित्झर्लंडमधील प्रयोगांत लांब कापलेल्या पेंढ्याने कोंबड्या अधिक गुंतून राहतात आणि पिसांचे नुकसान कमी होते असे आढळले. रोजच्या दाण्यातील मूठ-दोन मुठी या थरात पसरून टाकाव्यात, म्हणजे त्या मिळविण्यासाठी उकरावे लागते. मुळ्याचा पाला, मेथीच्या काड्या, कोबीची पाने यांची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगावी. पांढऱ्या दोरीचे झुबके टांगल्यानेही पिसे टोचणे कमी होते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. हे वाचून मी उत्साहाने मागाचे टाकाऊ सूत आणले, पण आमच्या विद्यार्थिनीने ते पाहताच काढावयास लावले. सुटे बारीक सूत कोंबडी गिळते, ते जिभेला नि पायाला गुंडाळते आणि जीव जातो. दोरी जाड, न उसवणारी आणि पक्की गाठ मारलेलीच हवी.

याच्याच जोडीला एक पसरट घमेले कोरड्या मातीने भरून सावलीत ठेवावे. त्यात थोडी राख मिसळली तरी चालेल. कोंबडी पाण्याने न्हात नाही, मातीने न्हाते. त्याने पिसे साफ राहतात आणि वेळही चांगला जातो.

दुसरा उपाय खाद्याचा. येथे थोडा हिशेब करू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. मक्यात प्रथिने शंभरात सुमारे नऊ. म्हणजे नुसत्या मक्यातून तिला दहा ग्रॅमसुद्धा प्रथिने मिळत नाहीत. एका अंड्यातच सहा ग्रॅमच्या आसपास जातात, आणि तिचे स्वतःचे शरीर आहेच. तिची दिवसाची गरज सतरा-अठरा ग्रॅमची. भातात तर प्रथिने मक्याहूनही कमी. पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते, आणि ते नवे घडविण्यास गंधकयुक्त प्रथिनांश, विशेषतः मेथिओनिन, लागतो. त्याची तूट पडली, मीठ कमी पडले किंवा तंतुमय चोथा मिळाला नाही, तर पिसे टोचणे व खाणे वाढते. काळी पीस गिळीत होती त्याचा अर्थ मला हा हिशेब केल्यावर कळला.

बाजारात अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य मिळते. त्यात प्रथिने सोळा ते अठरा टक्के असतात. ते भरड रूपात घ्यावे. गोळीचे खाद्य झटपट संपते. भरड टिपावयास वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्याला हवाच आहे. घरीच भागवावयाचे असेल तर तीन वाटे मका आणि एक वाटा शेंगदाण्याची पेंड धरली तरी प्रथिने अठराच्या घरात जातात. शेंगदाण्याच्या पेंडीत मेथिओनिन कमी असते, म्हणून तिच्यातला काही भाग तिळाच्या पेंडीने भरून काढावा. शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाटीत ठेवावा. बुरशीचा वास येणारी पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये; तिच्यातील विषाने यकृत बिघडते.

तिसरा उपाय जागा, उजेड आणि हवा यांचा. आठ कोंबड्यांना चोवीस चौरस फूट, म्हणजे एकीला तीन. एवढ्या जागेत मार खाणारीने पळावे कोठे? बंद ठेवावयाच्या कोंबडीला निवाऱ्यात चार आणि बाहेरच्या जाळीत आणखी आठ-दहा चौरस फूट तरी असावेत. आत एखादे खोके वा फळी उभी करावी, म्हणजे आड व्हावयास जागा होते. बसण्याच्या दांड्या दोन-अडीच फूट उंच हव्यात, आणि दर कोंबडीला सात-आठ इंच लांबी मिळावी. दांडी फार खाली असली तर जमिनीवरची कोंबडी वर बसलेलीच्या पोटाला सहज टोचते. दर चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक अंधारी पेटी कोपऱ्यात ठेवावी. अंडे बाहेर पडताना आतला लाल भाग क्षणभर बाहेर दिसतो. तो भर उजेडात इतरांच्या नजरेला पडला की गुदद्वार टोचणे सुरू होते. प्रखर दिव्यानेही टोचणे वाढते, म्हणून तो काढावा. उंदरांसाठी दिव्यापेक्षा बारीक जाळी बरी. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी दोन-तीन ठिकाणी असावे. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंग निववते.

चौथी गोष्ट अंगावरच्या कीटकांची. उवा असल्या तर कोंबडी स्वतःचीच पिसे कोचत राहते. काही जातींचे गोचीड आणि लाल बारीक कोळी दिवसा फटींत लपतात व रात्री रक्त पितात, म्हणून दिवसा तपासून ते सापडत नाहीत. रात्री विजेरी घेऊन दांड्यांच्या खालची बाजू पाहावी. सापडले तर कोंबड्या बाहेर काढून फटींत उकळते पाणी ओतावे आणि फटी बुजवून टाकाव्यात. कीटकनाशक मारावयाचे तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच. ती अंडी आपल्याच मुलांच्या ताटात येणार असतात.

आता ज्या घरी प्रकार सुरू झालेलाच आहे त्यांनी काय करावे? जखमी कोंबडी त्याच क्षणी वेगळी काढावी. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी, आणि खोल असेल तर दवाखान्यात न्यावे. मात्र तिला डोळ्यांआड करू नये. मधे जाळी ठेवून कळपाच्या नजरेसमोरच ठेवावी, नाहीतर परत आल्यावर ती परकी ठरते. जखम भरल्यावर सांजेला, बाकीच्या दांडीवर बसल्यानंतर तिला आत सोडावे. मुळातून निघालेले पीस काही आठवड्यांत नवे फुटते. कोवळ्या पिसाच्या दांडीत रक्त असते आणि त्यावर इतरांचा डोळा असतो, म्हणून त्या दिवसांत अधिक जपावे. टोचणारीलाही चार दिवस वेगळे ठेवावयास हरकत नाही, कारण ही खोड एकीचे पाहून दुसरी उचलते. पण तेवढ्यावर न थांबता वरचे चारही उपाय त्याच आठवड्यात करावेत. खोड जुनी झाली की सुटणे कठीण जाते. नवी पिल्ले आणाल तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांच्या पायाखाली उकरण्याजोगे काही असू द्या; लहानपणी जमीन टोचावयास शिकलेली कोंबडी पुढे शेजारणीला कमी त्रास देते.

चोच छाटण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. मोठ्या व्यवसायांत हे सर्रास चालते. पण चोच म्हणजे नखाचे टोक नव्हे. तिच्यात मज्जातंतू असतात. १९८५ साली ब्रुअर्ड आणि जेंटल या संशोधकांनी दाखवून दिले की छाटलेल्या चोचीत तुटलेल्या मज्जातंतूंच्या गाठी बनतात, आणि त्यांतून विकृत संवेदना निघत राहतात. नॉर्वेने १९७४ साली आणि स्वीडनने १९८८ साली चोच छाटण्यावर बंदी घातली. चोच छाटल्याने जखमा कमी होतात हे खरे. पण टोचण्याची इच्छा आणि टोचण्याचे कारण दोन्ही जागच्या जागी राहतात.

शेवटी एक प्रयोग सांगतो, कारण तो वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर यांनी पैदाशीसाठी कोंबड्या निवडण्याची पद्धत बदलली. एकेक कोंबडी पाहून सर्वांत जास्त अंडी देणारी निवडण्याऐवजी त्यांनी सबंध पिंजऱ्याची अंडी व आयुष्य पाहिले, आणि जो पिंजरा चांगला त्यातल्या साऱ्यांची पैदास केली. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या कोंबड्यांतील वार्षिक मृत्यूचे प्रमाण दोनच पिढ्यांच्या अंतराने ६८ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर आले होते. एकटीची अंडी मोजली तर शेजारणीला टोचून, तिच्या वाट्याचे खाऊन पुढे गेलेली कोंबडीही गुणी ठरते. पिंजरा मोजला की हा हिशेब उघडा पडतो. पिल्ले विकत घेताना “वर्षाला अंडी किती?” एवढेच आपण विचारतो. त्याबरोबर “एकत्र नांदतात का?” हेही विचारावे.

माझ्या परसाचे म्हणाल तर उरलेल्या सहा कोंबड्यांना मी दहा फूट बाय आठ फुटांचे जाळीचे अंगण करून दिले. फरशी फोडून काढली. पाचट, मातीचे घमेले, भरड खाद्य, कोबीची पाने असे सर्व केले. पुढच्या दोन महिन्यांत चौघींच्या पाठी पिसांनी भरल्या. एकीची शेपटी पुढच्या पीसगळीपर्यंत बोडकीच राहिली. राखीची खोड पुरती गेली नाही. पाऊस लागून कळप आत कोंडला गेला की ती अजून एखादे पीस ओढी. अशा वेळी मी तिला न हुसकता आत मूठभर बाजरी पसरून टाकी, आणि ती मान खाली घालून कामाला लागे.

काळी मात्र परत आली नाही. तिच्याबाबत मी चौकशी न करता निकाल दिला होता.

आपल्या घरी हा त्रास असेल तर उद्या सकाळी कोणा एका कोंबडीचा दोष ठरविण्यापूर्वी परसात अर्धा तास बसा. कोंबड्यांना चोच मारण्याजोगे काय काय आहे ते मोजा, आणि मोजणीत शेजारणीची पाठ सोडून काहीच आले नाही तर पहिले पोते पाचटाचे आणा.